पोलंड पाहावयाचा तर



पोलंड हे नाव कोल्हापूरकडच्या मंडळींना अगदीच परके नाही. कोल्हापूरपासून थोड्या अंतरावर, पंचगंगेच्या काठी, वळिवडे म्हणून गाव आहे. १९४३ पासून १९४८ पर्यंत या गावाशेजारी सुमारे पाच हजार पोलिश माणसे बराकींत राहात होती. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारीकोतारी माणसे. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत, बालवीरांची पथके होती. जे इथेच वारले त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. पुढे त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहिले आणि गांधीनगर वसले. एका देशाचे बेघर गेले, दुसरे आले.

ही माणसे इतक्या लांब आली कशी? १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशिया पूर्वेकडून आत शिरला. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१ साली जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा यांची सुटका झाली. धडधाकट पुरुष पोलिश सैन्यात गेले. बायकामुले इराणमार्गे हिंदुस्थानात आली. काही मुलांना नवानगरच्या जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडीला आसरा दिला आणि सर्वांत मोठी वसाहत झाली ती आपल्या वळिवड्याची. युद्ध संपले, पण यांतल्या पुष्कळांना परत जायला घर उरले नव्हते. पोलंडच्या सरहद्दीच पश्चिमेकडे सरकल्या होत्या आणि त्यांची गावे दुसऱ्या देशात गेली होती.

तेव्हा आज मी तुम्हांला त्या माणसांच्या देशात हिंडवून आणणार आहे. काय पाहावे, काय खावे, येताना काय आणावे, असे सगळे सांगतो. मात्र थोडा इतिहास सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. नाहीतर तिथल्या इमारती नुसत्या इमारती वाटतील.

पोलंड हा सपाट देश. शेताडीचा. राय नावाचे धान्य, बटाटे, बीट, कोबी आणि सफरचंदाच्या बागा. मधून विस्वा नदी वाहते, दक्षिणेच्या डोंगरातून निघून उत्तरेच्या बाल्टिक समुद्राला मिळते. सपाट देशाला एक दुःख असते, शेजाऱ्याला अडवायला डोंगर नसतो. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत हा देश भाकरीसारखा तोडून वाटून घेतला. तिथून १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, नकाशावर पोलंड नव्हताच. मेरी क्यूरी १८६७ साली वॉर्सात जन्मली ती रशियन झारच्या अमलात. मुलींना विद्यापीठ बंद होते. तेव्हा वॉर्सात एक चोरटे विद्यापीठ चालत असे. आज या घरी वर्ग, उद्या त्या घरी. लोक त्याला ‘उडते विद्यापीठ’ म्हणत. मेरी तिथे शिकली. १८९८ साली तिने पॅरिसमध्ये नवे मूलद्रव्य शोधले आणि त्याला नाव दिले पोलोनियम. नकाशावर नसलेल्या देशाचे नाव तिने मूलद्रव्यांच्या तक्त्यात घालून ठेवले.

शिक्षक बंधुभगिनींसाठी आणखी एक सांगतो. प्रशियाच्या ताब्यातल्या भागात व्झेश्न्या नावाचे गाव आहे. १९०१ साली तिथल्या शाळेत धर्माचा तासही जर्मन भाषेतून घ्यायचे ठरले. मुलांनी जर्मनमध्ये प्रार्थना म्हणायला नकार दिला. मुलांना छड्या बसल्या. आईबाप शाळेवर धावून आले, तर त्यांना तुरुंग मिळाला. लहान मुलांचा हा संप साऱ्या युरोपात गाजला. आणि दुसऱ्या महायुद्धात तर जर्मनांनी पोलिश मुलांसाठी माध्यमिक शाळा आणि विद्यापीठेच बंद करून टाकली. प्राथमिक शिक्षण आणि थोडेसे हातकाम, एवढे या लोकांना पुरे, असा त्यांचा हिशेब. नोव्हेंबर १९३९ मध्ये क्राकूफच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना व्याख्यानाच्या नावाखाली एका दालनात बोलावून घेतले आणि तिथूनच पकडून छळछावणीत पाठवले. तरी शिकवणे थांबले नाही. स्वयंपाकघरात, माजघरात, चार-पाच मुले बसवून हजारो शिक्षक शिकवीत राहिले. सापडले तर छावणी किंवा गोळी. परीक्षा होत, निकालही लागत. १९७८ साली जे पोप झाले ते दुसरे जॉन पॉल याच काळात क्राकूफमध्ये अशाच चोरट्या वर्गांत धर्मशास्त्र शिकले.

आता वॉर्साकडे वळू. तिथले लोक या शहराला ‘वार्शावा’ म्हणतात. मुक्काम जुन्या गावात करावा. चौकात रंगीत, अरुंद, उंच घरे, दारांवर कोरीव काम, खाली दगडी फरसबंदी. पाहणाऱ्याला वाटावे, तीनचारशे वर्षांचा वाडा आहे. पण ही घरे आपल्या आजोबांच्या वयाची! १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. ६३ दिवस लढले. दीड ते दोन लाख नागरिक मेले. उठाव मोडल्यावर जर्मनांनी उरलेल्या माणसांना शहराबाहेर काढले आणि रिकामे शहर एकेक रस्ता धरून पेटवले, सुरुंग लावून उडवले. युद्ध संपले तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग दगडविटांचा ढीग होता.

राजधानी दुसरीकडे न्यावी, असेही बोलले गेले. पण लोक आपले ढिगाऱ्यात परत येऊन राहू लागले. मग ठरले, जुने गाव होते तसे उभारायचे. कसे? अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराने वॉर्साची चित्रे काढली होती. एकेक खिडकी, एकेक कौल मोजून काढावे अशी. ती चित्रे वाचली होती. शिवाय वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि गुरुजनांनी जुन्या घरांची मापे घेऊन नकाशे केले होते आणि ते युद्धात लपवून सांभाळले होते. त्यांवरून घरे उठली. ढिगाऱ्यातले कोरीव तुकडे निवडून पुन्हा भिंतीत बसवले. देशभरातून विटा आल्या. १९५३ साली चौक पुरा झाला. राजवाड्याचे काम १९७१ साली ठरले आणि १९८४ मध्ये तो लोकांसाठी उघडला. १९८० साली युनेस्कोने या जुन्या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. कुणी म्हणतात, ही नक्कल आहे, हिला वारसा कसे म्हणावे? मला हे म्हणणे पटत नाही. आपल्याकडे देवळाचा कळस पडला, तर नवा बसवतात, त्याने देऊळ खोटे ठरत नाही. वॉर्साला गेलात तर आधी उठावाचे संग्रहालय पाहा आणि मग त्या चौकात जाऊन बसा. उलट क्रमाने पाहिलेत तर चौक नुसता गोजिरवाणा वाटेल.

याच शहरात ज्यूंची मोठी वस्ती होती. जर्मनांनी तिच्याभोवती भिंत घातली, उपासमारीने माणसे मारली, उरलेल्यांना छावण्यांत धाडले. १९ एप्रिल १९४३ रोजी तिथल्या मूठभर तरुणांनी शस्त्र उचलले. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू होते, त्यांतले सुमारे ३० लाख मारले गेले. ती वस्ती मात्र पुन्हा उभी राहिली नाही. घरे बांधता येतात.

वॉर्सातच माँते कासिनोच्या लढाईचे स्मारक आहे. इटलीतल्या त्या डोंगरावर १९४४ साली पोलिश सैन्य लढले. वळिवड्यातल्या कितीतरी मुलांचे बाप आणि बायकांचे नवरे याच सैन्यात होते. या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूर वसाहतीची आठवण म्हणून एक फलक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली. जामसाहेबांच्या नावाचाही चौक या शहरात आहे, ‘भल्या महाराजांचा चौक’ म्हणून.

वॉर्साहून क्राकूफ सुमारे तीनशे किलोमीटर. आगगाडीने जावे, दोन्ही बाजूंना शेते दिसतात. क्राकूफ ही जुनी राजधानी. युद्धात हे शहर बरेचसे वाचले. व्हावेल टेकडीवर राजवाडा आणि राजांच्या समाध्या. मधोमध बाजारचौक, एकेक बाजू सुमारे दोनशे मीटर, तेराव्या शतकापासून आखलेला. चौकाच्या पोटात कापडबाजाराची लांबट इमारत, तिच्यात आता आठवणवस्तूंची दुकाने. १३६४ साली स्थापन झालेले विद्यापीठ इथेच आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मांडणारा कोपर्निकस इथला विद्यार्थी.

या चौकाच्या कोपऱ्यावर सेंट मेरीचे चर्च आहे. त्याच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला, रात्री-अपरात्रीसुद्धा, तुतारी वाजते. चार दिशांना चार वेळा. अग्निशमन दलाचे जवान हे काम करतात. सूर मध्येच तुटतो. असे सांगतात की, १२४१ साली तातारांची स्वारी आली, पहारेकऱ्याने इशाऱ्याची तुतारी फुंकली आणि त्याच्या गळ्यात बाण घुसला. सूर जिथे तुटला तिथेच आजही थांबवतात. ही गोष्ट काही फार जुनी नाही, अलीकडे रचली गेली, असे जाणकार म्हणतात. गोष्ट खरी असो, नसो, ऐकणारा थांबतो खरा. आणि आपण सारे आकाशवाणीचे श्रोते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. दुपारी बाराची ही तुतारी पोलिश आकाशवाणी १९२७ पासून प्रक्षेपित करीत आली आहे. शेतावर, घरात, जिथे रेडिओ असेल तिथे.

क्राकूफजवळ व्येलिच्का येथे मिठाची खाण आहे. आपले मीठ समुद्राचे, मिठागरातले. इथे मीठ दगडासारखे फोडून काढीत, तेराव्या शतकापासून १९९६ पर्यंत. खाण ३२७ मीटर खोल आहे, पाहुण्यांना १३५ मीटरपर्यंत नेतात. लाकडी पायऱ्या उतरताना पोटऱ्या भरून येतात. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. जमिनीखाली १०१ मीटरवर एक प्रार्थनामंदिर आहे, ५४ मीटर लांब आणि १२ मीटर उंच. फरशी मिठाची, भिंतींवरची चित्रे मिठात कोरलेली, झुंबरांचे लोलकही मिठाचे. कोरणारे कुणी मोठे शिल्पशाळेतले नव्हते, खाणकामगारच होते. मीठ मात्र आपल्या मनात असते तसे शुभ्र नाही, करडे, काळसर. पहिल्यांदा दगडच वाटतो. हात लावून जिभेला लावला की कळते.

क्राकूफहून लोक ओश्व्येंचिमलाही जातात. जर्मनांनी त्याला आउशवित्स नाव दिले. तिथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, त्यांतली सुमारे १० लाख ज्यू. तिथे मुलांचे बूट, पेट्या, चष्मे ठेवले आहेत. पेट्यांवर मालकांनी आपली नावे घातलेली आहेत, पोचल्यावर सापडाव्यात म्हणून. त्या दिवशी दुसरे काही पाहायचे ठरवू नये.

आता जेवणाकडे येऊ. तुम्ही म्हणाल, थंड देशातले जेवण, आपल्याला काय रुचणार! पण ऐका तर खरे. त्यांचे एक सार आहे, झुरेक. रायचे पीठ पाण्यात कालवून चार-पाच दिवस आंबू देतात, मग ते आंबट पाणी लसूण घालून शिजवतात. ही झाली आपली आंबीलच! ज्वारीऐवजी राय, इतकाच फरक. मात्र त्यात बहुधा मांसाचे तुकडे आणि अंडे असते. कोबी आणि काकडी मिठात आंबवून हिवाळ्याची बेगमी करतात. बटाटा किसून तव्यावर धिरडी घालतात. बिटाचे लालभडक सार करतात, त्याचे नाव बार्श्च. आणि प्येरोगी म्हणजे आपल्या करंजीची उकडलेली बहीण. आत बटाटा आणि चक्क्यासारखे दाटलेले दही, किंवा कोबी आणि अळिंबी, नाहीतर गोड फळे. शाकाहारी माणसाने बटाट्याचे प्येरोगी खुशाल मागावेत, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले कण भुरभुरतात, ते नको म्हणून आधीच सांगावे.

सांगायचे कसे? ‘न्ये येम म्येंसा’, मी मांस खात नाही. हा ‘म्येंसो’ शब्द ऐकून कान टवकारतात की नाही? आपल्या मांसाचाच तो सख्खा भाऊ. अग्नीला ते ‘ओग्येन’ म्हणतात, धुराला ‘दिम’, म्हणजे आपला धूम. हिवाळा ‘झिमा’, म्हणजे हिम. भाऊ ‘ब्रात’, म्हणजे भ्राता. शंभराला ‘स्तो’, म्हणजे शत. संस्कृत आणि पोलिश या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. वर्गात हे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावेत, मुलांना मौज वाटेल.

स्वस्तात जेवायचे असेल तर ‘बार म्लेच्नी’ शोधावा. बार म्हटले म्हणून दचकू नका, हा दुधाचा बार आहे! पहिला १८९६ साली वॉर्सात निघाला. तिथे दूध, अंडी, पिठाचे पदार्थ मिळत, मांस नसे. आता मांसही मिळते. भिंतीवरच्या फळ्यावर पदार्थ वाचायचे, गल्ल्यावर पैसे द्यायचे, चिठ्ठी खिडकीत द्यायची, आणि खाऊन झाल्यावर ताट आपणच परत नेऊन ठेवायचे. कामगार, विद्यार्थी, पेन्शनर आजीबाई, सगळे एका बाकावर. बड्या हॉटेलापेक्षा इथे देश लवकर कळतो.

नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण त्यांच्याकडे सर्वांत महत्त्वाचे. पहिली चांदणी दिसल्यावर पाने मांडतात. मांस वर्ज्य, मासा चालतो. परंपरेने बारा पदार्थ. टेबलावरच्या कापडाखाली गवताची काडी ठेवतात, आणि एक ताट रिकामे मांडतात, अवचित दार ठोठावणाऱ्यासाठी. भाकरीचा तुकडा हातून पडला तर उचलून त्याचे चुंबन घ्यायची जुनी चाल आहे.

राहिली खरेदी. विस्वाकाठच्या तोरून गावी, कोपर्निकसच्या जन्मगावी, मसाल्याची गोड बिस्किटे होतात, त्यांना प्येर्निक म्हणतात. नावाचा अर्थच मुळी तिखट, मिरपुडीचे. मध, पीठ, आले, दालचिनी, लवंग. हा मसाला मध्ययुगात पूर्वेकडून, आपल्या मलबारकडून आणि त्याही पलीकडून, हात बदलत बदलत तिथे पोचे. लाकडी साच्यांत घालून हृदयाच्या, घोडेस्वाराच्या आकारांत ती भाजतात. टिकाऊ असतात, प्रवासात बिघडत नाहीत.

उत्तरेला समुद्रकाठी ग्दान्स्क. युद्धाच्या पहिल्या दिवशी तोफा झाडल्या गेल्या त्या इथेच, वेस्टरप्लाटेवर. आणि १९८० च्या ऑगस्टमध्ये इथल्याच जहाजगोदीत कामगारांनी संप केला, त्यातून ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना निघाली आणि नऊ वर्षांनी देशात सत्ता पालटली. इथली वस्तू म्हणजे अंबर. संस्कृतात त्याला तृणमणी म्हणतात, कारण घासला की गवताची काडी ओढतो. हा खरा दगड नव्हे. चार कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा डिंक गोठून झालेला आहे. कधी त्यात माशी, मुंगी अडकलेली दिसते. नकली माल पुष्कळ. घासून कागद ओढणे ही काही परीक्षा नव्हे, ते प्लॅस्टिकच्या फणीलाही जमते. सुटा मणी असेल तर पेल्यात मिठाचे दाट पाणी करून टाका, अंबर तरंगतो, काच आणि बरेच प्लॅस्टिक बुडते. पण काही नकलाही तरंगतात. म्हणून मोठी वस्तू दाखल्यासह भरवशाच्या दुकानातूनच घ्यावी.

बोलेस्वावियेत्सची चिनी मातीची भांडी सुंदर असतात. निळ्या ठिपक्यांची नक्षी स्पंजाचे ठसे मारून हाताने काढलेली. जड असतात, कपड्यांत गुंडाळून आणावीत. मला विचाराल तर वोविचकडच्या कागदी कातरणी घ्याव्यात. शेतकरी बायका मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्रीने रंगीत कागदाचे कोंबडे, मोर आणि फुले कापीत आणि घराच्या भिंतींवर लावीत. वजन नाही, मोडायचे भय नाही, आणि शाळेत हस्तकलेच्या तासाला नमुना म्हणून उपयोगी. डोंगराळ झाकोपानेकडे मेंढीच्या दुधाचे धुरावलेले चीज मिळते, पण ते तिथेच खावे. जुनी पुस्तके, जुनी चित्रे घ्यायचा मोह झाला तर आधी चौकशी करावी, ठरावीक वर्षांहून जुन्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

आणि व्येलिच्काच्या खाणीतून मिठाचा खडा किंवा मिठाचा दिवा आणलात, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला पाणी सुटते. मृगापासून दिवाळीपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात, कापडात गुंडाळून ठेवा.